‘टुंग’ वाजलं की बाबा बोलतात

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. दारात चपलांचा ढीग आणि आत सगळ्यांची नजर भिंतीलगतच्या दोन स्पीकरवर. मधल्या अॅम्प्लिफायरवर महाराजांनी काळं फडकं टाकलं होतं. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "आत्मा लाजतो." जिवंतपणी बाबा सगळ्या शेजाऱ्यांची झोप उडवून गाणी लावायचे. मेल्यावर लाजायला लागले, हाही एक चमत्कारच म्हणायचा!

"आत्मा म्हणजे लहर," महाराजांनी बोट वर केलं. "लहरीला वाहिनी लागते, वाहिनीला श्रद्धा लागते. ज्याच्या मनात शंका, त्याच्या कानात मळ!"

फडक्याखालून आवाज आला. टुंग.

"आले! पाऊल वाजलं!" मामा ओरडले. महाराजांना घरी आणलं होतं ते त्यांनीच.

मग बाबांचा आवाज आला. थोडा बसका, अगदी त्यांचाच. "गोळी घेऊ नकोस... मी येतोय."

भिंतीला टेकून उभ्या असलेल्या त्यांच्या मुलीच्या अंगावर सर्रकन काटा आला. ती काही भोळीभाबडी नव्हती. चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासायची, एका वेळी एकच काच बदलायची, "आता बरं दिसतं की मघाशी?" असं दिवसभर विचारायची. घरीही तिनं तेच करून पाहिलं होतं. आई आंघोळीला गेली असताना सीडीची वायर काढली, रेडिओची काढली, टीव्हीची काढली. संध्याकाळी बाबा तरीही बोलले. मामांनी ते गावभर केलं, "वायर नाही तरी बोलतात!" आणि गर्दी दुप्पट झाली. तेव्हापासून तिला हॉलमधून एकटीनं जायचीही भीती वाटायची.

पण त्याहून मोठी भीती समोर बसली होती. आईनं रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्या होत्या. नवराच सांगतोय म्हटल्यावर डॉक्टरांचं कोण ऐकतो! आता तिचे पाय सुजले होते, स्वयंपाकघरापर्यंत गेलं तरी धाप लागत होती. गोळीऐवजी महाराजांचं मंतरलेलं पाणी पोटात जात होतं.

आई उठायला गेली आणि झोक जाऊन खुर्चीवर कोसळली. ओठ पांढरे पडले होते.

"आई, गोळी घे ग. पाया पडते तुझ्या."

"नको बाळ. ते येतायत ना. ते आले की बघू."

मुलीनं आईचा हात धरला. येतायत म्हणजे? न्यायला? बाबा गेले, आता हिलाही घालवायची?

टुंग.

या वेळी तिनं बाबांचा आवाज ऐकला नाही. तिनं ते टुंग ऐकलं, आणि तिला आठवलं. शेवटच्या आजारात बाबा आतल्या खोलीत पडून असायचे आणि पलंगावरूनच फोनवर गाणं लावायचे. ते वाजायचं हॉलमधल्या स्पीकरवर, वायरीविना. आणि गाण्याआधी नेमकं हेच वाजायचं.

"महाराज, बाबांचा फोन कुठे आहे?" तिनं विचारलं.

पहिल्याच दिवशी महाराजांनी मृताची आवडती वस्तू मागितली होती. आईनं फोन दिला, तर म्हणाले, "कुलपातून आत्मा येत नाही." मग आईनं बिचारीनं लॉकचा आकडाही सांगितला.

"नदीत सोडला," महाराज म्हणाले. "स्वहस्ते."

ती पुढे झाली. "हात लावू नकोस, भस्म होशील!" मामा किंचाळले. तरी तिनं फडकं ओढलं. खाली निळा दिवा लुकलुकत होता आणि इवल्याशा पडद्यावर इंग्रजी अक्षरं सरकत होती: बाबांचा फोन.

"मामा, वाचा. नदीत बुडालेला फोन या क्षणी आपल्या हॉलला जोडलेला आहे. आणि हे असं वायरीविना जोडलेलं एक-दोन खोल्यांपलीकडे चालत नाही. फार तर जिन्यापर्यंत."

सगळ्या माना दाराकडे वळल्या. बाहेर जिन्यात महाराजांचा चेला डोक्यावरून शाल घेऊन रोज ध्यानाला बसायचा. आता त्याचं ध्यान मोडलं. तो उठला आणि धडाधडा जिना उतरत सुटला.

"गोळी घे... नको... मी ये..." स्पीकर अडखळले आणि मुके झाले. परलोकातून आलेल्या आत्म्याला एक जिना काही उतरता आला नाही.

"श्रद्धा तुटली!" महाराज गरजले.

"रेंज तुटली," ती म्हणाली. कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दोघे-तिघे चेल्यामागे धावले आणि महाराजांनी चपला न शोधताच काढता पाय घेतला.

आई मात्र रडत होती. "पण आवाज त्यांचाच होता ग."

"हो आई. त्यांचाच होता."

बाबांनी बोलून पाठवलेले जुने निरोप मुलीच्याही फोनवर होते. ते गेल्यापासून तिला ते ऐकायचा धीर झाला नव्हता. ती आईच्या पायाशी बसली आणि एकेक लावत गेली. चौथा की पाचवा असेल.

"हे आईला ऐकव. म्हणावं, पांढरी गोळी घेऊ नकोस, डॉक्टरांनी बदलून दिलीय. आता गुलाबी घ्यायची. मी येतोय घेऊन."

त्या हरामखोरांनी प्रेमानं बोललेल्या वाक्याचं डोकं, धड कापून उरलेल्या तुकड्यांचं भूत केलं होतं.

आईनं पदरानं डोळे पुसले. मग म्हणाली, "गुलाबी कुठे ठेवलीस?"

मुलीनं गोळी दिली, नळाचं साधं पाणी दिलं, आणि ती घशाखाली उतरेपर्यंत तिथून हलली नाही. मग डॉक्टरांना फोन लावला.

"आम्हाला कसं कळायचं ग हे?" मामा दारातूनच पुटपुटले.

"मला तरी कुठे कळलं होतं, मामा? मी तुमच्याइतकीच घाबरले होते. घाबरण्यात लाज नाही. पण घाबरलो म्हणून ते खरं ठरत नाही. प्रश्न विचारा, एकेक गोष्ट काढून बघा. आणि जो फडकं उचलू देत नाही, त्याच्या सांगण्यावरून कुणाची गोळी बंद करू नका."