इसाराचा रुपया

मुखेडच्या गुरांच्या बाजारात बाईमाणूस बैल विकायला येत नाही, आणि आली तरी तिच्याशी कोणी धड बोलत नाही. तुळजाबाईला हे ठाऊक होतं. म्हणूनच ती लाल कंधारी जोडीच्या शिंगांना तेल चोपडून बाजाराच्या अगदी मधोमध उभी राहिली. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. बैल तिनं वासरापासून वाढवले, औतालाही तिनंच शिकवले. आता पाठ साथ देईना म्हणून विकायला काढले, एवढंच. येणारा जोडी बघायचा आणि मग मालक म्हणून एखादा पुरुष शोधायचा, तेव्हा तिच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

सौदा मात्र सकाळीच जमला. गिऱ्हाईक होता इस्लापूरचा शेतकरी वैजनाथ. बाजारात भाव उपरण्याखाली बोटं धरून गुपचूप ठरतो; बाईचा हात कसा धरायचा म्हणून गुरुबसप्पा दलाल घुटमळला, तशी तिनं भाव चारचौघांत मोठ्यानं सांगितला. एक लाख पस्तीस हजार. वैजनाथनं मान डोलावली आणि एक रुपयाचं नाणं तिच्या तळहातावर ठेवलं. हा इसार. तो घेतला की जोडी त्याची झाली, मग ब्रह्मदेव आला तरी सौदा फिरत नाही.

"अक्का, बँकेतून पैसे काढून दोन वाजेस्तोवर येतो," म्हणून तो गेला.

त्याची पाठ वळून अर्धा तास झाला नसेल, रेणापूरचा व्यापारी मल्लेश आला. बैलांचे दात बघितले, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "एक लाख साठ. आत्ता, रोख."

शेजारी उभ्या आरतीनं मनात हिशोब मांडला. ही तुळजाबाईची लेक, नांदेडला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. सकाळच्या भावात तिची फी निघत होती, घरखर्च निघत होता, होस्टेलचे पंचवीस हजार तेवढे निघत नव्हते. होस्टेल नाही म्हणजे पहाटेची एसटी धरून नांदेड आणि दिवे लागल्यावर परत, वर्षभर.

"जोडी इकली," तुळजाबाई म्हणाली. "इसार घेतलाय. एक रुपया."

मल्लेश हसला. माणूस वाईट नव्हता, धंदेवाला होता. "मावशी, रुपयाला आता चहावाला बी इचारत न्हाई. बारकी नाणी पाडायची बंदच करा म्हणून लोक बोलून राहिलेत. त्या नाण्यापायी पंचवीस हजार सोडता व्हय?"

आरतीनं आईला बाजूला घेतलं. "माय, खरं हाय त्यांचं. मी बी वाचलंय. एक रुपया पाडायला रुपयापेक्षा जास्त खर्च येतो म्हणे. देऊन टाक त्या काकाचा रुपया परत."

"बंद करायचा तर खुशाल करू दे," तुळजाबाई म्हणाली. "उद्या रुपया न्हाई राहिला तर लोक हातावर चिंचोका ठेवतील. मी काय नाण्याला जबान दिली का? माणसाला दिली."

"आन् होस्टेल?"

तुळजाबाईनं पदराला बांधलेला रुपया चाचपला. तेवढ्यात कान देऊन उभा असलेला मल्लेश चारजणांना ऐकू जाईल असा म्हणाला, "बघू, बाईमाणसाचा शब्द किती वाजेस्तोवर टिकतो." ते तिला लई लागलं.

दोन वाजले, अडीच वाजले, वैजनाथचा पत्ता नाही. मल्लेश तिथंच घोटाळत होता. शेवटी गुरुबसप्पाच म्हणाला, "तुळजाबाई, वायदा दोनचा होता. आता इकलीस तर तुला कोणी बोल लावणार न्हाई."

"दिवस मावळेस्तोवर थांबते, आप्पा," ती म्हणाली.

तीनच्या पुढं वैजनाथ घामाघूम होऊन आला. बँकेत ही रांग. पण बाजाराच्या तोंडाशीच त्याला कोणीतरी सगळं सांगितलं होतं. तो तुळजाबाईसमोर उभा राहिला आणि त्यानं हात पुढं केला.

"अक्का, उशीर मी केला. पोरीच्या शिक्षणाचं बी कळलं. माझा रुपया परत द्या. सौदा मीच आपण होऊन मोडतो."

गिऱ्हाईकानं असं म्हटलेलं त्या बाजारात कोणी ऐकलं नव्हतं. मल्लेश एक पाऊल पुढं सरकला. आता जोडी मल्लेशला दिली असती तरी तिला नावं ठेवायला कोणाची जीभ उचलली नसती. दिवसभर खंबीर राहिलेली तुळजाबाई पहिल्यांदा डगमगली. काय करावं ते सुचेना, तशी तिनं लेकीकडं पाहिलं.

आरती खुंट्यापाशी गेली, दोन्ही कासरे सोडले आणि वैजनाथच्या पुढं केलेल्या हातात दिले.

"न्या काका. मी एसटीनं जाईन."

"पोरी, तुझं होस्टेल गेलं की," मल्लेश म्हणाला.

"गेलं," आरती म्हणाली. "पर तिथं रोज निजताना मला आठवलं असतं, आमच्या मायची जबान पंचवीस हजाराला गेली म्हणून."

मल्लेश खाली बघू लागला. वैजनाथनं नोटांची पुडकी तुळजाबाईच्या ओटीत घातली, वाकून तिच्या पाया पडला आणि जोडी घेऊन निघाला. अभिमानानं तिचा ऊर भरून आला होता. वासरापासून वाढवलेले बैल बाजाराबाहेर पडेपर्यंत तिनं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. ती लेकीकडंच बघत राहिली.