लाकडी पट्टीखाली दडवलेल्या दोन ओळी

मी एक जुनी शिळाछाप तसबीर आहे. मित्रांनो, शतकाहून अधिक काळापूर्वी दगडावर उलटी रेखाटलेली मी कागदावर सुलटी उमटले. माझ्यावरील मुद्रा धर्मसुधारक अभेदबुवांची. तळाशी त्यांच्याच आज्ञेवरून दोन ओळी छापल्या होत्या.

पाचोडच्या एका घराण्याने मला आदराने नेले आणि, सांगताना आजही संताप येतो, देव्हाऱ्यात बसवले! चौकट आखूड निघाली, म्हणून त्या ओळींवरच लाकडी पट्टी ठोकली. पुढे नित्य ओले गंध, नित्य कुंकू. ओल काचेआड झिरपली व बुवांच्या खांद्यापाशी माझा कागद चिरला.

गेल्या गुरुवारी वृद्ध मनकर्णाबाई आणि त्यांचे पुत्र विश्वजीत मला घेऊन छत्रपती संभाजीनगरात जहांगीरभाईंच्या फ्रेमच्या दुकानी आले. चिरलेली तसबीर पूजेत ठेवत नाहीत, म्हणून मला पैठणला गोदावरीत बुडवायचे ठरले होते. माझ्या जागी, याच चौकटीत, येणार होती नवी रंगीत छपाई. बुवांच्या मस्तकामागे सोनेरी वलय काढलेली. ज्यांनी स्वतःच्या पायांना कोणाला हात लावू दिला नाही, त्यांना वलय!

जहांगीरभाईंनी पट्टी उखडली आणि ते थबकले.

"मावशी, इथं तर लिहिलेलं हाय. वाचू?"

"वाच की बाबा. मला कुठं दिसतंय?"

"‘या चित्राची पूजा करू नये. दारी येईल त्यास आपल्या पंगतीस बसवावे.’"

मनकर्णाबाईंनी त्या ओळींवरून बोट फिरवले. "साठ वर्सं म्या नुसतं कुंकूच फासलं व्हय रं?"

"आई, जुनं काहीबी असतंय ते. चल, पैठण गाठायचंय."

"तूच घे बुडी! ह्याला हात लावून तर बघ."

जहांगीरभाई हसले. "मावशी, दारी तर आज तुम्हीच आलात. डबा उघडतोय. बसता का?"

"आई! आज गुरुवार! बुवांच्याच नावाचा उपास तुझा!"

"त्यांनीच मोडला. आत्ता वाचून दाखवलं, तवा कान कुठं व्हते तुझे?"

आणि परक्या घरचे पाणीही न घेणाऱ्या त्या माउलीने जहांगीरभाईंच्या डब्यातील भाकरीचा तुकडा मोडला. मला त्यांनी मांडीशी घट्ट धरले होते. विश्वजीत उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

मित्रांनो, आम्हा जुन्या तसबिरींना ओलीपासून अवश्य जपा. परंतु थोरांचे तोंड चौकटीने दाबून वर त्यांच्या कपाळी कुंकू लावू नका. त्या आदराची मला चीड आहे.