तेविसावी कबर

“आता ह्ये ड्रायव्हरसाहेब. लाईन नवी व्हती तवाचे. तिकडं त्यांच्या राणीचं राज, इकडं निजामाचं. साहेब गाडी घेऊन आले अन् तीन दिसांत पटकीनं गेले. बायकू विलायतेत. तिला कळायला दोन महिने लागले म्हणत्यात.”

वैजीनाथ काठी दगडावर कधी टेकत नसे, दगडाशेजारी टेकायचा. परभणीहून आलेली कॉलेजची पोरं मोबाईल वर धरून फोटो काढत होती. एरवी या साहेबावर तो पाच मिनिटं बोलायचा. साहेबाचं दारू पिणं, त्याचा कुत्रा, सगळं सांगायचा. त्यातलं निम्मं त्याच्या पदरचं होतं, आणि साहेबाची त्यावर कधी तक्रार आली नव्हती. आज मात्र तो पाच-सहा वाक्यांत पुढच्या कबरीकडे वळला.

पूर्णा जंक्शनच्या मागे, रेल्वेच्या क्वार्टरांपलीकडे हे गोऱ्यांचं कबरस्तान. एक निंब, पडकी भिंत आणि कितीही तोडल्या तरी उगवणाऱ्या बाभळी. वैजीनाथने पस्तीस वर्षं गँगमन म्हणून रूळ राखले आणि रिटायर झाल्यावर कुणी न सांगता या कबरी राखायला लागला. लोक म्हणाले, म्हाताऱ्याला काम नाही. दोन वर्षांपूर्वी कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या अर्पिता मॅडमनी रविवारची फेरी सुरू केली. मॅडमनी दगडावरचं इंग्रजी वाचायचं, वैजीनाथने माणूस सांगायचा. अक्षर न वाचता त्याला बावीसच्या बावीस कबरींतली माणसं पाठ झाली होती.

काल मॅडम खुशीत आल्या होत्या.

“काका, मंजुरी आली! भिंतीच्या कडेनं फरशीचा रस्ता होणार. सोमवारी जेसीबी येतंय. यादीतल्या कबरींना हात लावणार नाहीत, बाकी सगळं सपाट. बावीसच आहेत ना?”

“बावीसच,” तो बोलून गेला. घरी जाऊन जेवला नाही.

आणि आज सकाळी त्याने बायकोला बरोबर चल म्हटलं. कोकिळा कधी इथे आली नव्हती. “मेलेल्यांची कसली जत्रा बघायची?” असं ती दर रविवारी म्हणायची. आज तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि चपला पायात घातल्या. गुडघे गेलेले, तरी मॅडमचा हात धरून ती सगळ्यांच्या मागे चालत होती.

बेचाळीस वर्षं झाली असतील. भाद्रपदात कोकिळाची पहिली मुलगी नऊ दिवसांची होऊन गेली. बारसं व्हायचं होतं. एवढ्याशा लेकराला जाळत नाहीत, पुरतात. आणि पुरायला बापाने जायचं, बाळंतिणीने नाही. लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलेलं ते ओझं घेऊन वैजीनाथ निघाला, तर नदीला पूर. काठ सगळा पाण्याखाली. लाईनच्या कडेने फिरत फिरत त्याला कोरडी, उंच जागा मिळाली ती इथे, निंबापलीकडच्या कोपऱ्यात. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून त्याने वर रुळाची खडी रचली आणि एक मोठा धोंडा ठेवला.

त्याच्या आत्याने बजावलं होतं, “जागा तिला सांगू नगंस. जीव तिथंच घुटमळतो, पुढलं लेकरू ऱ्हात न्हाई.” म्हणून त्याने सांगितलं, नदीकाठी पुरली. पुढे दोन मुलगे झाले, मोठे झाले, पुण्याला गेले. आत्याही गेली. खोटं तेवढं राहिलं. दर भाद्रपदात कोकिळा घाटावर जाऊन द्रोणात दिवा सोडायची, आणि पायरीवरून पाय घसरू नये म्हणून वैजीनाथ तिचं कोपर धरून उभा राहायचा. त्या वेळी त्याला स्वतःची फार लाज वाटायची.

बावीस झाल्या. मॅडम म्हणाल्या, “चला, आता चहा.”

“एक ऱ्हायली, मॅडम.”

तो कोपऱ्याकडे चालू लागला. पोरं मागे आली. धोंड्याशेजारी काठी टेकून त्याने रोजच्याच आवाजात सुरुवात केली.

“ही तेविसावी. वर काई लिवलेलं न्हाई म्हणून यादीत न्हाई. ही गोऱ्याची न्हाई. एका गँगमनची लेक हाय. नऊ दिसांची. त्या साली पूर व्हता, बापाला दुसरीकडं कोरडी जागा घावली न्हाई.”

“आणि आई?” एका मुलीने विचारलं.

“आई बाजंवर व्हती. तिला नेत न्हाईत. बापानं तिला सांगितलं, नदीकाठी पुरली.” तो कोकिळाकडे वळला. “खोटं सांगितलं.”

कोकिळाने मॅडमचा हात सोडला. पोरं आपोआप बाजूला झाली. पाच वर्षांत ती जमिनीवर बसली नव्हती. आता धोंड्याला धरून बसली.

“बेचाळीस वर्षं मी पाण्याला दिवा सोडायलेय,” ती म्हणाली. “अन् तुमी माझं कोपर धरून हुबं.”

“चुकलो.”

तिने गवत उपटायला हात घातला. खडीच्या कडेने बोटं फिरवली, धोंड्यामागे फिरवली. एक काडीही नव्हती.

“रोज येता व्हय हितं?”

“नोकरीत व्हतो तवा लाईनवरनं यायचो. आता रोज.”

“एकलेच.”

त्याने मान हलवली. मॅडमनी पिशवीतून यादी काढली, बावीसच्या खाली तेवीस लिहिलं आणि हळूच म्हणाल्या, “नाव काय लिहू? अज्ञात लिहू का?”

“नाव ठिवायचं ऱ्हायलं, मॅडम,” वैजीनाथ म्हणाला.

“ज्ञानेश्वरी,” कोकिळा म्हणाली. “सातव्या महिन्यातच ठरिवलं व्हतं मी. लेक झाली तर ज्ञानेश्वरी. मला कुणी इचारलंच न्हाई.”

मॅडमनी लिहिलं. नवा दगड पाठ करताना म्हणायचा तसं वैजीनाथने ते नाव ओठांतल्या ओठांत दोनदा म्हणून पाहिलं. मग कोकिळाला उठवायला त्याने हात पुढे केला.

“बसू द्या जरा,” ती म्हणाली. “लोकांला चहा द्या तुमी.”

चहा पोरांनीच ओतून घेतला. वैजीनाथ काठी बाजूला ठेवून तिच्या शेजारी खाली बसला.