दुसरी उशी

तिने संगणकाचा पडदा स्वतःकडे वळवून घेतला, तसा ग्रंथपाल बाईंनी चहाचा कप उचलून बाजूला धरला.

"हळू गं. वायर निघेल."

पडद्यावर तिचा प्रबंध होता. पहिला अध्याय पांढरा. दुसऱ्यात शिंतोडे उडाल्यासारख्या चार-दोन लाल ओळी. तिसरा सगळा लाल.

"एकेचाळीस टक्के मजकूर दुसरीकडे जुळतोय," बाई म्हणाल्या. "दहापर्यंत चालतं. त्याच्या वर मला प्रमाणपत्र देता येत नाही, आणि प्रमाणपत्र नसेल तर परीक्षा विभाग प्रबंधाला हातसुद्धा लावत नाही."

"मी कुठून काही उचललेलं नाही, मॅडम."

"या खुर्चीत बसून सगळे हेच म्हणतात."

"तो अध्याय माझ्या आईवर आहे."

बाईंनी कप खाली ठेवला आणि लाल भागावर क्लिक केलं.

जुळलेला स्रोत: एक.

शेजारी सरांचा लेख उघडला. नियतकालिक मोठं होतं. विद्यापीठाच्या वर्गणीवर ते ग्रंथालयातच पूर्ण दिसायचं. घरी फोनवर नुसतं शीर्षक आणि वरच्या चार ओळी. त्या चार ओळी तिने घरी वाचल्या होत्या. वाचून सरांना निरोपही पाठवला होता: सर, मनःपूर्वक अभिनंदन. सरांनी जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं होतं.

आता पूर्ण लेख समोर होता. तिचा अध्याय सरांकडे "जरा नजर टाकतो" म्हणून कितीतरी महिने पडून होता, तोच. तिचे परिच्छेद, तिच्याच क्रमाने. फक्त जिथे तिने "एक स्त्री" लिहिलं होतं, तिथे "प्रस्तुत लेखकास भेटलेली एक स्त्री" असं झालं होतं.

"तुझे मार्गदर्शक ना हे?" बाईंनी विचारलं.

"हो."

बाईंनी एकदा दाराकडे पाहिलं.

"हे बघ, मला इथे तारीख दिसते. त्यांचं आधी छापलंय, तुझं आज आलंय. यंत्राला त्याच्या पलीकडचं कळत नाही."

"तुम्हाला?"

"मला निवृत्त व्हायला अजून अवकाश आहे." बाईंनी माऊस तिच्याकडे सरकवला. "शब्द बदल. प्रबंध भरायचं पोर्टल आज संध्याकाळी बंद होतंय."

पुढच्या सत्राचे तास कॉलेज तिला देणार की दुसऱ्या कुणाला, हे या पदवीवर अडलं होतं. तिने खुर्ची ओढली.

मूळ: घरातलं माणूस निघून गेलं की दुसरी उशी काही दिवस तशीच राहते. मग मान दुखायला लागते, आणि दोन्ही उशा एकाच डोक्याखाली येतात.

बदल: कुटुंबातील व्यक्तीने गृहत्याग केल्यानंतर अतिरिक्त उशी काही काळ विनावापर राहते.

बदल: शय्येवरील द्वितीय उशीचा वापर कालांतराने मानेच्या वेदनांमुळे

बदल: उशी

हे आई बोलली होती, अभ्रे बदलताना, पाठमोरी. वडील कुणाला न सांगता गेले, त्याला तेव्हा बराच काळ लोटला होता. आई सहज बोलली आणि पुढचा अभ्रा झटकला. आई हसेल म्हणून ती आतल्या खोलीत जाऊन गुपचूप लिहून आली. नवरे निघून गेलेल्या बायकांवर संशोधन करायचं, हे त्याच दुपारी ठरलं. तिसरा अध्याय आपल्या घराचा आहे हे आईला अजून ठाऊक नव्हतं. प्रबंध हातात देऊन, पान उघडून, मगच सांगायचं होतं.

ती पुस्तकांच्या मांडण्यांमध्ये जाऊन उभी राहिली आणि फोन लावला.

"सर, माझा तिसरा अध्याय तुमच्या लेखाशी जुळतोय."

"जुळणारच. विषय एकच आहे ना."

"शब्दही तेच आहेत, सर."

पलीकडे बशीवर चमचा वाजला.

"अगं, मग त्यात रडण्यासारखं काय आहे? अवतरणचिन्हं घाल, खाली माझ्या लेखाचा संदर्भ दे. अवतरणातलं ते मोजत नाहीत." सर हसले. "तेवढंच माझ्या नावावर आणखी एक सायटेशन. आणि हो, सही हवी असेल तर आजच ये. उद्यापासून मी गावात नाही."

ती परत आली. बाई कपाच्या कडेवरून तिच्याकडे बघत होत्या.

"अवतरणातलं मोजत नाही?"

"नाही. तो भाग वगळता येतो."

"मग मघाशी का नाही सांगितलंत?"

"मला वाटलं, तू नको म्हणशील."

उघडणारं चिन्ह. आईच्या घराची एक भिंत. बंद करणारं चिन्ह. खाली सरांचं नाव.

उघडणारं चिन्ह. रेशनच्या रांगेत नवऱ्याचं नाव विचारल्यावर आई काय म्हणाली ते. बंद करणारं चिन्ह. खाली सरांचं नाव.

हात बसला तसं काम भराभर होऊ लागलं. एका ठिकाणी तिने सरांच्या नावात एक अक्षर गाळलं, आणि लगेच स्वतःच दुरुस्त केलं. उशीची पानं तेवढी तिने तशीच ठेवली आणि पुन्हा तपासणी लावली.

"अकरा," बाई म्हणाल्या. मग बराच वेळ टेबलावरच्या टाचण्या डबीत भरत बसल्या.

तिने उशीलाही अवतरणचिन्हं घातली.

"दोन," बाई म्हणाल्या, आणि प्रमाणपत्रावर शिक्का मारला.

घरी आईने हात पदराला पुसले आणि मगच बांधून आलेला प्रबंध मांडीवर घेतला. आतलं काय वाचावं हे तिला कळेना. मुलीने पान उघडून दिलं नाही. आईने आपलं मधेच कुठेतरी उघडलं आणि ओळीखाली बोट धरून वाचू लागली. बोट एका जागी थांबलं.

"अगदी असंच होतं गं," ती म्हणाली. "उशीचं." मग बोट पानाच्या तळाशी गेलं. "हे तुझ्या सरांनी लिहिलंय?"

"हो."

"बिचारे. बायको सोडून गेली का त्यांची?"

"नाही. आहे."

"मग मान दुखायला लागते हे त्यांना कसं कळलं?"

मुलीने पायातल्या चपला काढल्या, दाराशी नीट जोडून ठेवल्या.

"वाचलं असेल कुठेतरी."

"असेल," आई म्हणाली आणि पान उलटलं. "वाचन दांडगं असतं या लोकांचं."