हत्तीओट्याचा बडग्या

मार्तंडरावांनी ताडपत्रीचा कोपरा उचलला आणि त्यांना समोर आपलाच सदरा दिसला. फिकट निळा, बारीक चौकटींचा, डाव्या खिशावर शाईचा डाग. सदऱ्यात बांबूच्या कामट्या आणि तणस भरलेली. गळ्यावर कोरं मडकं. तोंड अजून काढायचं होतं.

त्यांनी कोपरा सोडला. मग पुन्हा उचलला. डाग तिथंच होता.

पोळा उद्यावर आला होता. परवा मारबतींचे, त्या अक्राळविक्राळ बायांचे, पुतळे निघतील, त्यांच्यामागून बडगे. वर्षभरात ज्यानं लोकांना छळलं त्याचा पुतळा करायचा, मिरवायचा, मनसोक्त शिव्या घालायच्या आणि शेवटी जाळून टाकायचा, ही इथली रीत. बाहेरच्यांना गंमत वाटते. ज्याचा बडग्या निघाला त्याला विचारा. या हत्तीओटा चौकातल्याच एका रेशन दुकानदाराचा निघाला होता. तो पार शहराबाहेर बेसाला राहायला गेला, तर तिथंही म्हणे दर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या टाळूतून धूर निघतो आणि बायको त्याला दिवसभर अंगणात बसवते. मार्तंडरावांनी ही गोष्ट स्वतः कितीकांना हसत हसत सांगितली होती. आता त्यांचा हात आपोआप टाळूवर गेला.

चौकाला नाव होतं, ओटा आता उरला नव्हता. भोसल्यांचा एक हत्ती इथं बसला तो तीन दिवस उठलाच नाही, म्हणून लोकांनी त्याच्याभोवती दगड रचले, असं जुनी माणसं सांगायची. हत्ती नंतर उठला की आतच राहिला, याबद्दल चौकात दोन पक्ष होते. ओटा मात्र खरा होता. त्यावर उभं राहून वेगळ्या विदर्भाची भाषणं झाली, नळाला पाणी नाही म्हणून बायांनी घागरी फोडल्या, दहावीचे निकाल मोठ्यानं वाचले गेले. यंदा चैत्रात एका सकाळी जेसीबी आला, आणि संध्याकाळी तिथं स्कूटर लावायचे पांढरे पट्टे होते. नागरिकांची हरकत नाही, असं पत्र कुणीतरी देऊन ठेवलं होतं. कुणी, ते चौकाला ठाऊक नव्हतं. निदान मार्तंडराव आत्तापर्यंत तसं समजत होते.

"आत या ना जी, भाऊ," ताडपत्रीमागून धोंडबाचा आवाज आला. "चोरावानी काहून पाहून राहिले?"

मार्तंडराव आत गेले. धोंडबा मांडी घालून रद्दी कागदाला खळ लावत होता. चौकातले बडगे चाळीस वर्षं त्याच्याच हातचे.

"कोणाचा आहे यंदाचा?"

"परवा दिसते ना जी. आधी सांगत नाही, तुमाले काय नवं आहे?"

 मार्तंडराव बाजूच्या पोत्यावर बसले.

"धोंडबा, आमची अदिती येऊन राहिली मारबत पाहायला. सासूसासऱ्यांना घेऊन. त्यांच्यासमोर नको रे."

"काय नको?"

"सही मी केली, मान्य. चौकाच्या समितीचा सचिव म्हणून. पण कपभर चहाशिवाय काही घेतलं नाही. महापालिकेतला तो साहेब स्वतः उठला आणि मला खुर्ची दिली. चौतीस वर्षं कारकुनी केली, कुठल्या साहेबानं बसा म्हटलं नव्हतं. कागद पुढं आला, मी सही केली. ओटा पाडतील असं डोक्यातही आलं नाही."

धोंडबाचा हात थांबला. बाहेर कुणीतरी स्कूटर स्टँडवर चढवली.

"ते पत्र तुमी देल्लं?"

 मार्तंडरावांनी पुतळ्याकडे बोट केलं.

"मग हा माझा सदरा?"

"वहिनीनं देल्ला. दरसाल जुने कपडे देतेत त्या. मागच्या साली पेट्रोलच्या भाववाढीच्या बडग्याले तुमचाच पायजमा होता." धोंडबानं टोपलीतून कागदाची लांब सोंड काढून दाखवली. "हा डेंग्यूचा डास आहे जी."

मार्तंडरावांच्या तोंडून हसण्यासारखा काहीतरी आवाज निघाला.

"डास. बरं केलं. फार झाले आहेत यंदा."

"हो ना जी."

"मी आपलं सहज बोललो."

"हो जी."

धोंडबानं सोंड परत टोपलीत टाकली. कोपऱ्यातलं तारेचं भेंडोळं ओढलं, पकडीनं हातभर तुकडा तोडला आणि गुडघ्यावर धरून वळवू लागला. सावकाश, एकसारखी दोन वर्तुळं झाली. मग दोन्ही टोकांना, कानामागं बसेल असा बाक.

मार्तंडरावांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि खिशात टाकला.

"घाला जी, घाला," मान वर न करता धोंडबा म्हणाला. "तोंड पाठ आहे मले."