उजव्या दारातलं पाणी

गाडीत डोकं घातलं की आधी उंदरांचा वास यायचा, मग ओल्या घोंगडीचा. या दोन्हींच्या खाली एक तिसरा वास होता, गोडसर, कुजका. तो नाकातून घशात उतरायचा आणि तिथेच बसून राहायचा. वेदश्रीने सकाळपासून किती वेळा हात धुतले याचा हिशेब नव्हता. तरी पोळीचा घास तोंडाजवळ नेला की बोटांना तोच वास यायचा आणि ती ताट बाजूला सारायची.

गाडी विलायती होती, साठ सालच्या आसपासची, कापडी टप मागे दुमडता येणारी. आर्वीत तिला ‘सरांची टपवाली’ म्हणत. वेदश्रीचे वडील कृष्णकांत कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. एक्क्याण्णव साली कापसाचं एक जिनिंग बंद पडलं, तेव्हा मालकाच्या गोठ्यात पडून असलेली ही गाडी त्यांनी उचलून आणली आणि पुढची सगळी वर्षं तिची गळती बुजवण्यात घालवली. टप नव्याने शिवून घेतला, त्याच्या शिवणीला मेण चोळलं, काचेभोवतीचं रबर बदललं. गाडी खडखडायची, म्हणून सीटखाली, डॅशबोर्डमागे, डिकीत, जिथे बोट शिरेल तिथे जुन्या सायकलच्या ट्यूबचे तुकडे कोंबले. तरी उजव्या बाजूला, चालवणाऱ्याच्या पायाशी पाणी साचायचंच. त्याच बाजूने खडखड यायची. सर म्हणायचे, टप कुठेतरी झिरपतोय. खडखडीचं म्हणाल तर आपले रस्तेच तसे आहेत.

गेल्या पोळ्याच्या सुमारास ते गेले. तोंडाचा कॅन्सर. शेवटच्या महिन्यात चमच्याने पाजलेलं पाणी गालाच्या भोकातून बाहेर यायचं आणि वेदश्री खाली फडकं धरून बसायची. तेव्हाही तिला शिसारी आली होती. आपल्या माणसाची शिसारी येते याची लाज वाटण्याइतकी उसंत मात्र तेव्हा नव्हती. डॉक्टरांनी खर्र्याचं, त्या घोटलेल्या सुपारी-तंबाखूचं, विचारलं तेव्हा तिने ठामपणे सांगितलं होतं की बाबांनी तो चौऱ्याण्णव सालीच सोडला. डॉक्टर नुसते मान हलवून पुढच्या खाटेकडे गेले.

सोडला तो तिच्यासाठी. रोहण्याच्या रस्त्यावर, याच गाडीत. ती तेव्हा एम.ए.ला होती. दोघांचं खर्र्यावरून कडाक्याचं भांडण झालं. शेवटी त्यांनी गाडी बाभळीखाली उभी केली, तोंडातला खर्रा थुंकला आणि शेजारी बसलेल्या तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “तुझी शपथ. आजपासून बंद.” घड्याळाचा पोलादी पट्टा तिच्या कपाळाला गार लागला होता. वेदश्री पुष्कळ वाचलेली. शपथा, नवस असलं काही मानणारी नव्हती. ती एक शपथ मात्र तिने मानली. तिनेच त्यांना बडीशेप ठेवायला स्टीलची छोटी, चपटी डबी दिली, भांड्यांवर टाकतात तसं तिच्यावर आपलं नाव टाकून. ती डबी पुढे वर्ध्याच्या बसस्टँडवर हरवली, असं त्यांनी सांगितलं.

आता मे महिना होता. घरात कोणी गेलं, गमी झाली की लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाही तर थांबायचं, म्हणून धाकट्या सुश्रुतचं लग्न ठरलं होतं. आईचा, सरोजिनीबाईंचा, हट्ट असा की सून बाबांच्याच गाडीतून घरी येईल. त्यासाठी वेदश्री अमरावतीहून रजा टाकून आली. उन्हाळ्यात पाऊस नव्हता, पण गाडी धुतली की आत तळं व्हायचं आणि वास दुप्पट यायचा.

दुसरं एक काम आईने तिच्या गळ्यात घातलं होतं. मुलगी नाचणगावची, रुचिका नाव. तिच्या वडिलांनी फोनवर सरळ विचारलं होतं, मुलगा खर्रा खातो का? आई म्हणाली होती, सरांनी सोडला तेव्हापासून आमच्या घरात कोणी शिवत नाही. सुश्रुत खात होता. तेव्हा आईचा तोडगा असा की मांडवाच्या आधी त्याने बहिणीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायची, बाबांनी घेतली तशी. बाबांनी पाळली, हाही पाळेल. वेदश्रीला हे पटत होतं. बाबांचं उदाहरण समोर होतं.

गाडीच्या कामाला बंडूजी आला होता. सरांचा जुना मेकॅनिक. बोलताना तो मान वर करून, खालचा ओठ पन्हाळीसारखा पुढे काढून बोलायचा, कारण तोंडात कायम खर्रा. तुळशीवृंदावनाच्या मागची भिंत त्याने दोन दिवसांत लाल केली होती. वेदश्री त्याच्याशी बोलताना त्याच्या कपाळाकडे पाहायची.

तिने टपावर नळीने पाणी सोडलं आणि आत बसून पाहिलं. टप कोरडा राहिला. शिवणी कोरड्या, रबरं कोरडी. मग तिने आधी डाव्या, नंतर उजव्या काचेवर धार धरली. पाणी काचेवरून ओघळून काच आणि पत्रा यांच्यामधल्या फटीत शिरलं. दाराच्या आत गेलेलं पाणी बाहेर पडावं म्हणून खाली भोकं असतात, हे तिला बाबांनीच शिकवलं होतं. डाव्या दाराखाली लगेच धार लागली. उजव्याखाली एक थेंब पडला नाही. थोड्या वेळाने दाराच्या आतल्या बाजूने, रेक्झिनच्या आवरणाखालून, चहासारखं पाणी पायाशी उतरू लागलं.

तिने बंडूजीला ते आवरण काढायला सांगितलं.

“त्या दाराले हात नका लावू, ताई,” तो म्हणाला. “पाणी वरून येऊन राह्यलं. मी आणखी मेण लावून देतो.”

वरून येत नाही, हे तिने त्याला पुन्हा पाणी सोडून दाखवलं. तो पिचकारी टाकायला भिंतीकडे गेला, परत आला, पान्यांच्या पिशवीत उगाच खुडबुड केली. शेवटी म्हणाला की सरांनी बजावून ठेवलं होतं, बाकी गाडी खोल, हे दार खोलायचं नाही. दहा वर्षांत त्याने ते कधी खोललं नव्हतं. का, म्हणून तिने विचारलं, तर तो पेचकस फडक्याने पुसू लागला.

तिने त्याच्या हातून पेचकस घेतला आणि स्वतःच खाली बसली. स्क्रू गंजले होते. आवरणाचा पुठ्ठा ओला होऊन शेवाळला होता. तो तिच्या हातात लगद्यासारखा सुटून आला आणि त्याच्यामागून तो तिसरा वास एकदम अंगावर आला. तिने पदर नाकाला लावला.

दाराचा तळ पन्न्यांनी भरला होता. खर्रा बांधून देतात त्या प्लास्टिकच्या पन्न्या, चुरगळलेल्या, पिळलेल्या, एकमेकींना चिकटून काळ्या झालेल्या. काहींत अजून अर्धा खर्रा होता, पाण्यात फुगून अळीसारखा बिलबिलीत. झुरळांची अंडी होती. भोकांवर या सगळ्याचा थर बसून त्याची खळ झाली होती. तिने काडीने तो उकरला तेव्हा काहीतरी पत्र्यावर वाजलं. तीच खडखड. स्टीलची डबी होती. झाकण घट्ट बसलं होतं, ते तिने पेचकसाने उचकटलं. आत बडीशेप नव्हती. डांबरासारखा गोळा होता. झाकणावर तिचं नाव ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं, स्वच्छ वाचता येण्याजोगं.

ती मोरीवर जाऊन ओकली.

बंडूजी मागे उभा होता. “मले मालूम होतं,” तो म्हणाला. “सर रोज संध्याकाळी गाडीचा आवाज शोधाले म्हणून रोहण्याकडे जात. मी सोबत राहो. आता गेलेल्या माणसाचं काऊन उकरता, ताई? देवमाणूस होता.”

“तोंडातलं थुंका आणि घरी जा,” वेदश्री म्हणाली. “भिंतीवर नाही. बाहेर.”

तो गेला. तिने सगळ्या पन्न्या एका टोपल्यात काढल्या, वर डबी ठेवली आणि टोपलं स्वयंपाकघराच्या दारात आईसमोर आणून ठेवलं. आई करंज्यांची कणीक मळत होती. तिने एकदा पाहिलं आणि मळणं थांबवलं नाही. नवल तिला वाटलेलं दिसलं नाही.

वेदश्रीने विचारलं, तुला माहीत होतं?

आई म्हणाली की रोज शर्ट धुणाऱ्या बाईला माहीत नसेल तर कोणाला असेल. मग कणकेवर ओलं फडकं टाकून, आवाज खाली आणून, जणू काही समजूतच घालत म्हणाली, “पण तुझ्या जिवाला धोका नव्हता, वेदू. त्याच रात्री मी भांडले यांच्याशी, पोरीची खोटी शपथ कशी घेतली म्हणून. हे हसले. म्हणाले, डावा हात ठेवला होता. डावा लागत नाही.”

वेदश्रीच्या कपाळाला तो पट्टा पुन्हा गार लागला. घड्याळ ते डाव्या मनगटावर बांधायचे. उजवा हात तेव्हा स्टिअरिंगवर होता. शेजारी बसलेल्या माणसाला डावाच जवळ पडतो, त्यामुळे तिला त्यात कधी काही दिसलं नव्हतं. भौतिकशास्त्र शिकवणारा माणूस. पोरीचं वाईट होऊ नये एवढी काळजी त्याने घेतली होती आणि मग आठ वर्षं रोज संध्याकाळी खात राहिला, डबी दारात पडेपर्यंत तिच्याच डबीतून. तिला त्यांचा राग यायला हवा होता. आली ती किळस, आणि किळशीच्या खाली, वाहून न जाणारी, त्यांची आठवण. ती दोन्ही एकमेकींना त्या पन्न्यांसारखी चिकटली होती.

“हे टोपलं सुश्रुत यायच्या आत नालीत टाक,” आई म्हणाली. “त्याला कळलं तर शपथेला अर्थ काय राहील?”

ती टोपलं घेऊन गाडीपाशी गेली आणि उघड्या दारासमोर ठेवून बसून राहिली.

सुश्रुत पत्रिका वाटून संध्याकाळी आला. तोंडाला इलायचीचा वास, इतका की दुसरा कुठला येऊ नये. आईने त्याला अंगणात बोलावलं, काय करायचं ते सांगितलं. तो लाजल्यासारखा हसला, पँटला हात पुसला आणि पुढे आला. उजवाच हात होता. वेदश्रीने डोकं बाजूला घेतलं.

“हात राहू दे,” ती म्हणाली. “खाली बस. दाराची भोकं अजून मोकळी झाली नाहीत.”

तो उकिडवा बसला. आधी दाराकडे, मग टोपल्याकडे पाहिलं. मग त्याने टोपल्यातली एक पन्नी दोन बोटांत धरून उजेडाकडे नेली, खाली ठेवली, दुसरी उचलली. वेदश्रीला वाटलं तो बाबांसाठी रडतोय. तो रडत नव्हता.

“ताई, यात माझ्याही आहेत,” तो म्हणाला. “मला वाटलं, इथं कोणी पाहत नाही.”

काचेजवळच्या एकाच फटीतून बाप आणि लेक एकमेकांपासून लपवत होते, आणि पाणी टपातून येतंय म्हणून टप पुन्हा पुन्हा शिवला जात होता. वेदश्रीला क्षणभर हसू आलं.

“वेगळ्या काढ,” ती म्हणाली.

त्याने प्रयत्न केला. ओल्या, काळ्या पन्न्या उलगडून पाहिल्या. बोटं बरबटली. “नाही ओळखू येत,” तो शेवटी म्हणाला. “सगळ्या सारख्याच झाल्यात.”

“मग रुचिकाला हेच सांग. तूही खातोस, बाबाही खात होते. फोन लाव.”

आई म्हणाली, लग्न मोडेल. वेदश्री म्हणाली, मोडेलही. खोट्याने साचलेलं तिने आज दुपारी स्वतःच्या हाताने उपसलं होतं आणि तिला ते कोणाच्या घरी पाठवायचं नव्हतं. आई मग निदान हात तरी धुवून जा, असं पुटपुटली.

“तसाच जाऊ दे,” वेदश्री म्हणाली.

सुश्रुत दोन्ही हात अंगापासून लांब धरून घरात गेला. कोपराने दार ढकलल्याचा, मग फोन फिरवल्याचा आवाज आला. वेदश्रीने काडीने शेवटचं भोक मोकळं केलं आणि नळी काचेवर धरली. दाराखालून आधी काळं पाणी आलं, मग चहाच्या रंगाचं. घरातून सुश्रुतचा आवाज येत होता. तो आपलं नाव सांगत होता, मग थांबला, मग हळू बोलू लागला. ती नळी धरून उभी राहिली. पाणी अजून स्वच्छ यायचं होतं.