कपाटातला बांगडा

द्रौपदाअक्कांनी माझ्याकडे मासा मागितला, तेव्हा मला वाटलं, आज कुणीतरी माझीच फिरकी घेऊन राह्यलं. अक्का म्हणजे गळ्यात तुळशीची माळ, चातुर्मासात घरात कांदा-लसूण बंद. अंडीवाल्याची गाडीसुद्धा त्यांच्या दारावरून हॉर्न न वाजवता जाते. अशी बाई सकाळी सकाळी माझ्या दुकानाच्या मागच्या दाराने येते, पदर तोंडावर धरते आणि विचारते, कुंदन, धुरातला बांगडा कुठे मिळतो.

मी कुंदन. फैजपूरहून यावलकडे निघालात की डाव्या हाताला माझं भरीत सेंटर लागतं. वांगं भाजण्यात माझा हात धरणारा तालुक्यात कुणी नाही, आणि थापा मारण्यातही नाही. मागच्या वर्षी मी गावात सांगून टाकलं की दीपनगरच्या वीजकेंद्राच्या मोठ्या चिमणीला रंग देणार आहेत, ती जिथून जिथून दिसते त्या गावांकडून रंग मागवलेत. चार दिवसांत माझ्याकडे रंगांची नावं लिहिलेल्या त्रेपन्न चिठ्ठ्या आल्या. एकाने तर घराला मारून उरलेला अर्धा डबा आणून दिला. तेव्हापासून मी 'आज सोमवार' म्हटलं तरी लोक कॅलेंडर बघतात.

तर अक्का. त्यांचा जितेंद्र पोलंडला थंड गोदामांचं शिक्षण घ्यायला गेला होता. येताना शिक्षण आणलं आणि काशाही आणली. काशा हे तिचं खरं नाव, तिकडचं. आमच्या गल्लीने पहिल्याच दिवशी तिची काशीबाई करून टाकली. जितेंद्रने सावद्याला केळी पिकवायचं चेंबर टाकलं. काशी दोन वर्षांत नऊवारी सोडून सगळं शिकली. शेवेची भाजी खाऊन नाक पुसते आणि अजून मागते. आता तिला सातवा महिना. आणि डोहाळा लागला तो धुरी दिलेल्या बांगड्याचा. तिच्या माहेरी समुद्राकाठी तिचे आजोबा लोखंडी पिंपात मासे टांगायचे, खाली लाकडं धुमसवायचे, आणि तो सोनेरी मासा कागदावर घेऊन ती हाताने खायची. गेले पंधरा दिवस बाई ताटावरून अर्धी उठून राह्यली. मागत काही नाही, पण झोपेत मात्र आपल्या भाषेत त्या माशाचं नाव घेते, असं जितेंद्रने आईला सांगितलं.

आता पोटुशीचा डोहाळा पुरवला नाही तर काय होतं, ते आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. पोराची लाळ गळते. जन्मभर. कुणाला खोटं वाटत असेल तर त्याने अक्कांच्या दिराला, जीवरामआबांना बघावं. आबांच्या आईला भर उन्हाळ्यात बोरं खावीशी वाटली होती. उन्हाळ्यात बोरं कुठून आणणार. आबा आज अडुसष्ट वर्षांचे आहेत, खांद्यावर दोन टॉवेल बाळगतात, एक अंगाला आणि एक तोंडाला. अक्का लग्न होऊन आल्यापासून ते दोन टॉवेल धूत आल्या आहेत.

"माळेचं माझं मी देवाशी बघून घेईन," अक्का मला म्हणाल्या, "पण नातवाच्या खांद्यावर टॉवेल नको, कुंदन."

हे बोलताना त्यांचा आवाज असा होता की माझ्या जिभेवर आलेली थाप मी गिळली. त्यांच्या फक्त दोन अटी होत्या. घरात काही आणायचं नाही आणि गावात कळता कामा नये. अक्का भजनी मंडळात टाळ धरतात. मंडळाच्या मुख्य वच्छलाबाई. त्यांनी एका बाईला केकमध्ये अंडं निघालं म्हणून दोन एकादश्या मागच्या रांगेत बसवलं होतं.

पहिल्यांदा मी सोपं काम केलं. आठवडे बाजारातून सुका बांगडा आणला. दुकानामागे काशीने वास घेतला, नाकाला हात लावला आणि फार मायेने म्हणाली, "कुंदनभाऊ, हा मेलेला आहे."

मी म्हटलं, वहिनी, तुमच्या आजोबांचाही जिवंत नव्हता. तर तिने मला समजावलं की तो मेलेला असतो, पण असा मेलेला नसतो. त्याआधी जितेंद्रने मोबाइलवरून डबाही मागवला होता, तो निघाला टोमॅटोच्या रश्शातला. तोही नको. मग ठरलं, आपणच धुरी द्यायची. काशीने वहीत चित्र काढून दिलं. पिंप, मासे, खाली आग, बाजूला टोपी घातलेले आजोबा.

भुसावळला मासळीवाल्याकडे बर्फातले आठ ताजे बांगडे साफ करून घेतले आणि थर्माकोलच्या डब्यात घालून एसटीने निघालो. शेजारच्या सीटवर आमच्याच गल्लीतला प्रेमराज. डब्यात काय, म्हणाला. मी क्षणभर विचार केला. थाप मारली असती तर तो शोधत बसला असता. म्हणून खरं सांगितलं. बांगडे आहेत, द्रौपदाअक्कांनी मागवलेत. प्रेमराज हसून हसून पुढच्या सीटवर आपटला. गावात उतरेपर्यंत त्याने ती गोष्ट तिघांना सांगितली होती, आणि तिघांनीही मला नमस्कार केला. मला तर मजाच वाटली. आयुष्यभर खोटं बोलून मी जी इज्जत कमावली होती, ती शेवटी खरं लपवायच्या कामी आली.

मासे माझ्या दुकानात रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवले, सकाळी पुसून वाळवले. आता पिंप पाहिजे. गावात जेवढी पिंपं आहेत ती एकतर डिझेलची, नाहीतर फवारणीच्या औषधाची. अक्का म्हणाल्या, मळ्यातल्या शेडमध्ये माझं कपाट आहे.

ते त्यांच्या लग्नातलं लोखंडी कपाट. दाराला आतून आरसा, आत लॉकर, बाहेरून मोर. पाय गंजले म्हणून मळ्यात आणलेलं, आत ठिबकच्या नळ्या भरलेल्या. मी तळाला भोक पाडलं, बाहेर खड्डा खणला आणि खड्ड्यापासून कपाटापर्यंत सिमेंटचा पाइप टाकला. आधी रिकामं कपाट कोळशावर दोन तास तापवलं, म्हणजे जुन्या रंगाचा वास जाईल. मग साड्यांच्या हँगरला तारेने एकेक बांगडा शेपटीने लटकवला आणि हँगर दांडीवर अडकवले. आठ बांगडे रांगेत, जसे काही लग्नाला जायला तयार. काशी खाटेवर बसून हुकूम सोडत होती. दोघांत अंतर ठेवा, एकमेकांना लागू देऊ नका. अक्का कपाटाकडे पाठ करून बसल्या होत्या, पण समोरच्या खिडकीच्या काचेत त्यांना सगळं दिसत होतं, आणि ते मला दिसत होतं.

लाकडाचा प्रश्न आला. लिंब कडू, बाभळीचा धूर डोळ्यांत जातो. मी म्हटलं, धुराचं माझ्यावर सोडा. आणि शेताच्या बांधावरून कपाशीच्या वाळक्या काड्या आणल्या, आमची पऱ्हाटी. वीस वर्षं मी त्याच्यावरच वांगी भाजतो. खड्ड्यात पेटवल्या, वरून ओला भुसा टाकला, कपाटाचं दार लावून कडी घातली. किल्लीच्या भोकातून धुराची बारीक रेघ निघायला लागली. काशीने डोळे मिटून वास घेतला आणि हसली. पंधरा दिवसांत पहिल्यांदा, असं अक्का हळूच म्हणाल्या.

इथे माझी चूक झाली. अशी चूक फक्त आमच्या मुलखातच होऊ शकते. जानेवारीचा महिना, वारा गावाकडे, आणि मी पऱ्हाटी पेटवली. आमच्याकडे हिवाळ्यात पऱ्हाटीचा धूर दिसला की माणूस विचारत नाही काय चाललंय. तो ताट घेतो आणि निघतो. भरीत भाजलं जाऊन राह्यलं, एवढाच त्या धुराचा अर्थ.

पहिले जीवरामआबा आले, दोन्ही टॉवेल घेऊन. ताट, मिरचीचा खुडा म्हणजे आमचा ठेचा, आणि तोंडाला पाणी तर होतंच. त्यांच्यामागे प्रेमराज, कळण्याच्या, ज्वारी-उडदाच्या भाकरी फडक्यात बांधून. मग शेजारच्या मळ्यातले तिघं कांद्याची पात घेऊन. कुणी तेलाची बाटली आणली, कुणी घरची बडगी उचलून आणली, ती भरीत ठेचायची लाकडी. वांगी मात्र कुणी आणली नव्हती. वांगी घरधन्याची असतात.

मी सरळ सांगितलं की वांगी नाहीत, कपाटात बांगडे आहेत. सगळे हसले. प्रेमराज म्हणाला, आता पुरे कुंदन, ही तर तू एसटीतही सांगितली होती. आबांनी खाटेशेजारी मांडी ठोकली. लोक यायचे थांबेनात. चाळीस-पंचेचाळीस झाले असतील. आमच्याकडे भरीताला आलेल्या माणसाला परत पाठवत नाहीत. तसं केलं तर पुढच्या पिढीतल्या सोयरिकी मोडतात. अक्का उठल्या आणि कपाटाला पाठ लावून उभ्या राह्यल्या. मी एका माणसाला पैसे देऊन माझ्या दुकानातून वांग्यांचं पोतं आणायला पिटाळलं आणि खड्ड्यात नुसतंच काहीतरी खालीवर करत राह्यलो.

तेवढ्यात वच्छलाबाई आल्या. मागे भजनी मंडळ, नऊ बाया. वच्छलाबाईंनी बसायला नकार दिला. त्यांचं म्हणणं असं की अक्कांकडे भरीत आहे आणि मंडळाला सांगावा नाही, हे बरोबर नाही. मागच्या वर्षी त्यांच्याकडे भरीत होतं तेव्हा अक्कांना दोनदा बोलावलं होतं. आणि अक्का त्या कपाटाला पाठ लावून का उभ्या आहेत. धूर कपाटातून निघतो म्हणजे वांगी कपाटात आहेत, आणि वांगी कपाटात ठेवली म्हणजे मंडळापासून लपवून ठेवली.

मी म्हटलं, वच्छलाबाई, आई शप्पथ, आत मासे आहेत. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"द्रौपदा," त्या म्हणाल्या, "वांग्यासाठी तू आमच्याशी असं वागशील, असं वाटलं नव्हतं."

मला एकदम सुटका दिसली. मी अक्कांच्या कानात सांगितलं, गप्प राहा, पोतं येतंय, वांगी आत होती म्हणून माफी मागून टाका. दोन एकादश्या मागे बसाल, पण माळेवर काही येणार नाही. अख्ख्या गावाला पटलेली थाप होती ती, मला मारायचीही गरज नव्हती. पण तेव्हाच खाटेवरून काशी उठली. तिची नजर धुराच्या रेघेवर. रेघ काळपट व्हायला लागली होती. तिने अक्कांचा हात धरला आणि मराठीत म्हणाली, "आई, आता नाही काढले तर करपतील."

अक्कांनी एकदा वच्छलाबाईंकडे बघितलं, एकदा सुनेच्या पोटाकडे, आणि एकदा जीवरामआबांच्या टॉवेलकडे. मग वळल्या आणि कडी काढली.

धूर बाहेर आला, आणि धुरामागून आठ बांगडे. सोनेरी झालेले, हँगरला लटकलेले, आरशातही आठ. प्रेमराजने माझ्याकडे असं बघितलं जसं मी त्याला फसवलंय. खरं बोलून फसवणं यापेक्षा हलकट काम नाही, असं त्याच्या तोंडावर लिहिलं होतं.

अक्कांचं माहेर शिंदखेड्याकडचं. संताप आला की त्यांच्या तोंडी माहेरची अहिराणी येते, 'आहे'चं 'शे' होतं. "हाई मासा शे," त्या म्हणाल्या, "मनी सूनना डोहाया शे. बोला आते, कोनले काय म्हननं शे."

कोण काय म्हणणार. डोहाळ्याच्या आड येणाऱ्याला काय पाप लागतं हेही आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. फक्त वच्छलाबाई एवढंच म्हणाल्या की डोहाळेजेवण होतं तर मग तसं सांगायचं, आम्ही नारळ-खण घेऊन आलो असतो. त्यांचा राग अजून सांगाव्यावरच अडकला होता.

मी केळीचं पान कापून खाटेवर अंथरलं आणि एक बांगडा काशीपुढे ठेवला. तिने हातानेच मोडला. पहिला घास तोंडात गेला आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, खात होती आणि रडत होती, दोन्ही एकदम. बायांनी पदर डोळ्यांना लावले. जीवरामआबांनी टॉवेल तोंडाला लावला. काशी एवढ्या घाईने खात होती की दुसऱ्या घासाला तिला ठसका लागला.

"काटा," अक्का ओरडल्या. आणि पुढे झाल्या. मग थबकल्या. गळ्यातली माळ काढली, वच्छलाबाईंच्या हातात दिली, "धर जरा," म्हणाल्या, आणि सुनेच्या शेजारी मांडी घालून पानावर हात घातला. जन्मात मासा न शिवलेली बाई. बिचारीला कळेना की काटा कुठून सुरू होतो. नखाने टोकरून एकेक बारीक काडी काढायला गेली तर मांसाचा भुगा व्हायला लागला. ठसका थांबला तशी काशी तोंड उघडं ठेवून पुढच्या घासाची वाट बघत होती.

वच्छलाबाईंनी ते थोडा वेळ बघितलं. एका हातात स्वतःच्या टाळांची पिशवी, दुसऱ्या हातात अक्कांची माळ. मग त्यांना राहवेना.

"अगं, तसं नाही," त्या म्हणाल्या, "पाठीवर अंगठा दाब. हां. आता शेपटीकडून उचल, अख्खा काटा एकदम येतो."

अक्कांनी अंगठा दाबला, शेपटी उचलली. अख्खा काटा कंगव्यासारखा अलगद वर आला.

नऊही बाया हळूहळू वच्छलाबाईंकडे वळल्या.

"माहेरी शेजारी कोळी राहायचे," वच्छलाबाई म्हणाल्या, आणि माझ्यावर खेकसल्या, "तू काय बघतोस, दुसरा काढ. पोरीला गरमच दे."